ड्रममधली शिरगणती

मंगळवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी आसेगावात भागिरथाबाईंनी अंगणातल्या निळ्या ड्रममध्ये दोनशे लिटर पाणी, दोन किलो गूळ आणि एक लहान बाटलीभर गढूळ द्रव ओतला. आठ वाजता त्यांच्या नवऱ्याला, शेषरावांना, पहिला संशय आला.

शेषरावांना संशय येणं ही काही बातमी नव्हती. एकतीस वर्षं ते एसटीत कंडक्टर होते. "विनातिकीट माणूस मी मानेवरून ओळखतो," असं ते छाती पुढे काढून सांगत. "थो खिडकीबाहेर पाहून राह्यला ना, तं समजाचं!" निवृत्तीनंतर गाडी सुटली, नजर सुटली नाही. घरी आलेला पाहुणा जरा इकडेतिकडे बघू लागला, तरी शेषराव त्याच्या समोर जाऊन उभे राहायचे.

बाटली आणली होती कृषी सहाय्यक निताताईंनी. तिच्यात पिकाचा काडीकचरा कुजवून खत करणारे जिवाणू होते. ते ड्रममध्ये नीट वाढले आणि शुक्रवारी तालुक्याच्या साहेबांना पसंत पडले, तर आसपासच्या गावांना जिवाणू पुरवणारं केंद्र भागिरथाबाईंच्या बचत गटाला मिळणार होतं. त्यासाठी त्यांनी दीड वर्ष कचेरीचे उंबरठे झिजवले होते.

"पण बाटली तं एवढीशी," शेषराव म्हणाले. "ड्रमभर कशे पुरतीन?"

"काका, ते वाढतात. गूळ मिळाला, ऊब मिळाली की वीस-वीस मिनिटांत एकाचे दोन होतात."

"लेकरं होतात?"

"लेकरं नाही हो. एकच पेशी असते. ती आतल्या आत आपली नक्कल काढते, लांब होते, मधोमध भिंत घालते, की झाले दोन!"

"माय कोन?"

"माय नाही."

"बाप?"

"बापही नाही."

"मंग पह्यला व्हता थो मेला का?"

"मेला कशाला? तोच दोन झाला."

शेषरावांनी निताताईंच्या मानेकडे निरखून पाहिलं. "म्हंजे चढला एक, उतरले दोन, अन् तिकीट एकच! म्याडम, माह्या गाडीत असं झालं असतं ना, तं मी घंटी मारून गाडी जाग्यावर उभी केली असती!"

"अवो, त्याईले जाऊ द्या," भागिरथाबाई म्हणाल्या. "त्याईले घाई हाय."

निताताई गेल्या. शेषरावांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हिशोब मांडला. आठ वाजता एक धरला, तर नऊ वाजता आठ. दहाला चौसष्ट. बाराला चार हजार शहाण्णव. इथवर ठीक होतं. यात्रेच्या दिवसांत एवढी माणसं त्यांनी स्वतः वाहिली होती. पण दुपारी तीनला आकडा वीस लाखांवर गेला आणि सगळा वाशीम जिल्हा मागे पडला! संध्याकाळी सहाला शंभर कोटी! वीस मिनिटांनी सगळा भारत देश खाली उतरला आणि ड्रम पुढे निघून गेला. शेषरावांची पेन्सिल तिथेच मोडली.

ते ड्रमपाशी गेले. काठी बुडवून पाण्याची पातळी पाहिली. सकाळी होती तेवढीच!

"भागिरथा, एवढी गर्दी झाली, तं पाणी वर काहून नाई आलं?"

"थे बारीक असतात."

"बारीक असले म्हणून का झालं? लेकराले बी अर्धी जागा लागते!"

बुधवारी सकाळी साडेसहाच्या गाडीनं भागिरथाबाई वाशीमला निघाल्या. केंद्र चालवायचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. शुक्रवारी साहेबांच्याच जीपमधून त्या परतणार होत्या. निघताना त्यांनी तीनदा बजावलं, "सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळा. वरतून फडकंच राहू द्या, त्याईले हवा लागते. बाकी कायले हात लावू नका."

"मले सांगते का? मी एकतीस वर्ष..."

"म्हणूनच सांगून राह्यली."

सात वाजता शेषरावांनी फडकं काढून काठी बुडवली. पाणी दोन बोटं कमी होतं!

त्यांनी कुंपणाच्या भिंतीकडे पाहिलं. पलीकडे शेजारच्या रुपाबाई गाईपुढे गुळपाण्याचं घमेलं ठेवत होत्या. गाय चारच दिवसांपूर्वी व्याली होती. शेषरावांची नजर पडताच रुपाबाईंनी आभाळाकडे पाहिलं. बस! खटला इथेच निकालात निघाला.

"रुपाबाई, दोन बोटं कमी हाय."

"काय कमी हाय?"

"जिवाणू."

"तुमचे?"

"माहे नाई वो! ड्रमातले!"

"मंग मले काहून सांगता? मी काय पदरात बांधून नेले का? मले तं थे दिसत बी नाई!"

"थेच तं! दिसत नाई म्हणूनच नेणं सोपं हाय. अन् एक नेला तरी पुरते. संध्याकाळपावतर गावभर!"

"भाऊजी, उन्हानं पाणी आटते. माहा माठ बी आटला."

"माठात जिवाणू व्हते का?"

रुपाबाईंनी हातातली रिकामी बादली अशी आपटली, की गाय दचकून दोन पावलं मागे सरली. "केस पांढरे झाले तुमचे, पण अक्कल काही पिकली नाई!" एवढं बोलून त्या आत गेल्या.

यात शेषरावांना कबुलीजबाबच दिसला. गाडी भरली की दार लावायचं, हा त्यांचा जुना शिरस्ता होता. त्यांनी ड्रमचं मूळ झाकण शोधून काढलं, त्याची लोखंडी पट्टी चारही बाजूंनी आवळली, पट्टीला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. आता कोणी चढणार नाही, कोणी उतरणार नाही!

संध्याकाळी वाशीमहून फोन आला. "ढवळलं का?"

"ढवळलं ना!"

ते खोटं नव्हतं. कुलूप काढायला लागू नये म्हणून शेषरावांनी ड्रमला मिठी मारून तो जागच्या जागी वीस वेळा गदागदा हलवला होता. गुरुवारी सकाळी पुन्हा वीस वेळा.

गुरुवारी दुपारी दोन वाजता झाकण फुगलेलं दिसलं. चारला ते पुरीसारखं टम्म झालं. आतून गुडगुड आवाज येत होता. शेषरावांनी झाकणाला कान लावला. त्यांच्या अनुभवाला हा आवाज परिचयाचा होता: आत धक्काबुक्की चालू होती. त्यांनी स्वयंपाकघरातला दगडी पाटा आणून झाकणावर ठेवला आणि वर एक थाप मारली. "सरका, मांगं सरका!"

शुक्रवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी जीप दारात थांबली. पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले साहेब उतरले, मागून निताताई आणि शेवटी भागिरथाबाई. भागिरथाबाईंना आधी पाटा दिसला, मग कुलूप दिसलं.

"हे काय हाय?"

"बंदोबस्त," शेषराव म्हणाले.

निताताईंनी झाकणाचा आकार पाहिला आणि त्या जीपपर्यंत मागे गेल्या. साहेब मात्र वही उघडून पुढे झाले.

"उघडा पाहू."

शेषरावांनी पाटा उतरवला. किल्ली फिरवली. पट्टी ढिली झाली, आणि पुढचं सगळं वीस मिनिटांत नाही, एका सेकंदात झालं. धडाम! झाकण कडुनिंबाच्या वरून गेलं आणि रुपाबाईंच्या टिनाच्या छपरावर जाऊन आदळलं. मागोमाग फेसाचा खांब उठला, वर थोडा विचार केल्यासारखा थांबला आणि चारी दिशांना कोसळला. अंगणात, जीपच्या काचेवर, भिंतीपलीकडे! साहेबांचा सदरा चहाच्या रंगाचा झाला. त्यांच्या कानातून गूळ ओघळत होता. रसवंतीच्या मागच्या नालीला यावा तसा वास सुटला.

"हवा!" साहेब ओरडले. "हवा लागते त्यांना, हवा! कोंडलं कोणी?"

सगळ्यांनी शेषरावांकडे पाहिलं. शेषराव आभाळाकडे पाहत होते.

निताताईंनी तळात उरलेलं पाणी हुंगलं आणि मान हलवली. सडलं होतं. साहेबांनी वहीची चिकटलेली पानं सोडवत निर्णय दिला: पुढच्या शुक्रवारी पुन्हा येतो. तोवर चांगला ड्रम दिसला तर ठीक, नाहीतर केंद्र दुसऱ्या गावाला.

"नवी बाटली?" भागिरथाबाईंनी विचारलं.

"पंधरा दिवस तरी येत नाही, काकू," निताताई हळूच म्हणाल्या.

त्या दिवशी भागिरथाबाई नवऱ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. शेषरावांना हेही संशयास्पद वाटलं, पण विचारायची हिंमत झाली नाही.

शनिवारी सकाळी आठ वाजता रुपाबाईंच्या अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. गाय गुळपाण्याला तोंड लावेना. घमेल्यावर पांढरी साय धरली होती आणि बारीक फेस येत होता. काल भिंतीपलीकडे उडालेलं त्यात पडलं होतं. निताताई येऊन पाहून गेल्या. "उघड्या हवेत पडले म्हणून जगले असतील. वासावरून तरी चांगले वाटतात. खात्री नाही देत."

भागिरथाबाईंनी रिकामी बाटली धुऊन शेषरावांच्या हातात दिली. "जा."

"मी? तिच्या घरी? काय मांगू?"

"जिवाणू."

"पण थे आपलेच हायत ना!"

"काल व्हते. आता तिचे हायत."

सव्वानऊला शेषराव बाटली घेऊन रुपाबाईंच्या दारात उभे राहिले. खिडकीची फळी बोटभर उघडली.

"कायले आले?"

शेषरावांनी सांगितलं.

"किती पाह्यजे?"

"एक असला तरी चालन," शेषराव म्हणाले.

फळी लागली. दहा वाजून पाच मिनिटांपर्यंत, म्हणजे घमेल्यातले जिवाणू आणखी दोनदा दुप्पट होईपर्यंत, दार उघडलेलं नव्हतं.