मोरे बाईंचा उशीचा क्लास

आमच्या टॉवरच्या सोळाव्या मजल्यावर एक क्लास चालतो. तिथे जाताना पोरं एका हातात दप्तर आणि दुसऱ्या हातात उशी घेऊन लिफ्टमध्ये शिरतात. नव्या पाहुण्याला वाटतं, पोरं घर सोडून निघाली.

क्लास मोरे बाईंचा. बाईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. नायगावच्या चाळीत आम्ही एकाच मजल्यावर राहायचो, आणि चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा पुन्हा एकाच मजल्यावर आलो. ऑफिसात मला 'दिनेश सर' म्हणणारी दोन माणसं आहेत. बाई मात्र माझ्या लेकीसमोर, भर लॉबीत, "ए दिन्या, बटण लाव" म्हणतात.

दुपारी पोरं आली की आधी चटईवर झोपतात. मग तोंड धुतात, मग गणित. "आधी फळा पुसा," हे बाईंचं पालुपद. "कालच्या लिहिलेल्यावरच आजचं लिहिलं तर वाचणार काय, कपाळ? डोक्याचंही तसंच असतं." हा फळा त्या कुणालाही पुसायला लावतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून दोघे एकमेकांच्या अंगावर धावले, तर बाई मधूनच म्हणाल्या, "काल किती वाजता झोपलात रे दोघं?" भांडण तिथेच थांबलं. दोघेही आठवायला लागले.

माझी तनू पाचवीत आहे, सकाळची शाळा. मागच्या वर्षी शाळेतून बोलावणं आलं. वर्गात लक्ष नाही, सारखी चुळबुळ, आणि मैत्रिणीच्या डब्यातला ढोकळा खिडकीबाहेर. मी तिला धरून बाईंकडे नेलं.

"बाई, फार मस्तीखोर झालीय हो."

"मस्तीखोर नाही, झोपेला आलेली आहे."

"झोपेला? अहो, रात्री अकराला सोफ्यावरून उड्या मारते!"

"तेच म्हणते मी. मोठ्यांना झोप आली की ते लोळतात, पोरांना आली की ती उधळतात. मला सांग, तुझ्या घरी मोबाइल कुठे झोपतो?"

"माझ्या उशीखाली."

"आणि जेवण?"

"मॅच संपली की."

बाईंनी तनूला प्रवेश दिला आणि मला नापास केलं. नऊच्या ठोक्याला घरातले सगळे मोबाइल ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, असा हुकूम सुटला. मी तो पाळला. म्हणजे बराचसा. एका सकाळी सुनीतानं, म्हणजे बायकोनं, विचारलं, "अहो, कानावर पांढरं काय?" मी म्हटलं, "वय झालं आता." तिनं बोट लावून चाखलं. "वय ज्वारीचं दिसतंय."

पण दीड-दोन महिन्यांत तनू हाक न मारता उठायला लागली. शाळेतून पुन्हा निरोप आला, मी घाबरतच गेलो. म्हणाले, हल्ली सगळ्या प्रश्नांना हीच हात वर करते, इतरांनाही संधी द्यायला सांगा. ढोकळा आता दोघी वाटून खातात.

त्या आनंदात मी बाईंना विचारलं, "आणि तुम्ही किती वाजता झोपता?"

"परीक्षकाला प्रश्न विचारायचे नसतात," बाई म्हणाल्या. डोळे लाल होते. चाळीत लाकडी भिंतीपलीकडे शिंदेकाका खोकायचे, कुणाचं तरी बाळ रडायचं, पहाटे नळावर कळश्या आपटायच्या. एकदा लिफ्टमध्ये बाई मला म्हणाल्या होत्या, "दिन्या, इथे कुणी खोकतसुद्धा नाही रे." मला ते टॉवरचं कौतुक वाटलं. माझं गणित पहिल्यापासून कच्चं.

मग वार्षिक परीक्षा आली आणि बाराव्या मजल्यावरच्या परबांना जाग आली.

"फी भरून पोरं झोपवायची? काय चाललंय काय! दादरला एसी क्लास आहे, पोर पाण्याला उठत नाही तिथे. सगळ्यांनी मिळून पोरांना इथून काढायचं!"

आईबाप लगेच हलले. प्रश्न एवढाच राहिला की बाईंना सांगायचं कुणी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला भाजीवाल्याला किडकं वांगंही परत करता येत नाही, तर आईबापांना 'नाही' कुठून म्हणणार? पोरं गेली की बाईंच्या दाराची बेल वाजवायला कुणी उरणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी अर्धी रजा टाकून दुपारी गेलो.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत चटईवर पोरांची रांग. मधोमध बाई, चष्मा कपाळावर, तोंड उघडं, मस्त घोरत होत्या. आणि पोरं? टक्क जागी. एक पंख्याकडे बघत होतं, एक ओठांतल्या ओठांत पाढे म्हणत होतं. हलत मात्र कुणी नव्हतं. मला बघून तनूनं तोंडावर बोट ठेवलं आणि सरपटत दाराशी आली.

"झोपला नाहीत तुम्ही?" मी कुजबुजलो.

"नाही येत आता. रात्रीच होते ना."

"मग उठा की! गणितं सोडवा."

"बाबा, आम्ही उठलो की बाई पण उठतात. रात्री त्यांना झोप लागत नाही. एकटीला फार शांत वाटतं म्हणतात. म्हणून आम्ही आधी पडून राहतो. त्यांचा फळा पुसून झाला की मग गणितं."

इतक्यात रांगेतून कुणीतरी खोकलं.

"कुणाला बरं नाही का?"

"छे! परब काकांचा सिद्धेश आहे. मुद्दाम खोकतो. खोकला ऐकला की बाई अजून गाढ झोपतात."

आत बाईंनी समाधानानं कूस बदलली.

मी चपला हातात घेऊन बाहेर आलो, तर लिफ्टमधून परब उतरत होते. "काय, सांगितलंत का बाईंना?" त्यांचा आवाज म्हणजे मीटिंगचा आवाज.

"हळू बोला," मी म्हटलं. "क्लास चालू आहे."

परबांनी दाराच्या फटीतून आत पाहिलं. त्यांचा लेक छातीवर हात बांधून, डोळे मिटून, अगदी कर्तव्यबुद्धीनं खोकत होता. मी त्यांच्या कानात त्या खोकल्याचं कारण सांगितलं. मग त्यांनी बूट काढून हातात घेतले, आणि निघता निघता, अगदी हलकेच, स्वतःही एकदा खोकले.