अपघाताआधी लिहिलेला नंबर

समस्त लालबाग-परळकरांना, आणि विशेषतः ज्यांना कधी ना कधी बारशाला, बाराव्याला किंवा वर्गणी मागायला आमच्या चाळीत यावं लागणार आहे त्यांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे की, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीसमोरून जाताना चाल संथ ठेवावी, हात खिशात घालू नयेत, आणि आतून "कोणी पाठवलं?" असा प्रश्न आला तर एका दमात खरं उत्तर द्यावं. हसू नये. हसणाऱ्याचं नाव लिहून घेतलं जातं.

त्या खोलीत भाऊ तेंडोलकर राहतात. वय सहासष्ट, अविवाहित. एका औषध कंपनीच्या गोदामात त्यांनी चौतीस वर्षं येणारा-जाणारा प्रत्येक खोका मोजला. निवृत्त झाल्यावर खोके संपले, म्हणून माणसं मोजायला घेतली.

गॅसवाल्याकडे ओळखपत्र मागून ते म्हणाले, "फोटोत तुम्ही गोरे दिसता." सत्यनारायण सांगून भटजी दक्षिणा घ्यायला वळले, तर म्हणाले, "मागच्या वर्षी कथा लांब होती. मधलं काय गाळलंत?" मी त्यांच्यासमोर अर्ध्या चड्डीत वाढलो, आता मला चाळिशीचा चष्मा लागून जुना झाला, पण वाटीभर साखर मागायला गेलो तरी तेच.

"सुऱ्या, कोणी पाठवलं?"

"बायकोनं, भाऊ."

"आणि तिला कोणी सांगितलं माझ्याकडे साखर आहे म्हणून?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे. चहा तेवढा बिनसाखरेचा प्यायला शिकलो.

भाऊंकडे एक लांबोडकी वही होती. चाळीसमोरच्या गल्लीत अनोळखी गाडी उभी राहिली, की तिचा नंबर, रंग आणि वेळ त्या वहीत जायची. का, ते विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याचंही नाव जायचं.

तर एकदा एक पांढरी गाडी गल्लीत सलग तीन दिवस उभी. चौथ्या दिवशी सकाळी भाऊ वही घेऊन उतरले. गाडीच्या मागे उभे राहिले, नंबर लिहिला, 'काच काळी' असं लिहिलं, वेळ टाकली नऊ दहा. मग बंपरवरचा पोचा नीट दिसेना, म्हणून वाकले. तेवढ्यात गाडीवाला आला, कानाला फोन लावून आत बसला आणि त्यानं गाडी मागे घेतली. भाऊंचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. आम्ही धावत खाली पोचलो तेव्हा भाऊ रस्त्यावर आडवे होते, वही छातीशी होती, आणि पांढऱ्याफटक पडलेल्या त्या गाडीवाल्याला ते दात-ओठ खात विचारत होते, "तुला कोणी पाठवलं?"

तो घाबरून गाडीसकट पळाला. पण नंबर होता ना! पोलीस आधी खूश झाले. मग हवालदारानं वही नीट वाचली. "आजोबा, अपघात नऊ बाराला झाला म्हणता. नंबर नऊ दहाला लिहिलाय." भाऊ म्हणाले, "हो." हवालदार म्हणाला, "म्हणजे गाडी ठोकणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

मंडळी, उभ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसावर त्या दिवशी जगानं पहिल्यांदा संशय घेतला. त्याचं दुःख पायापेक्षा मोठं होतं.

गाडीच्या विमा कंपनीनं तर तोच धागा पकडला. भरपाईसाठी भाऊंनी मुद्दाम गाडीखाली पाय घातला, असं तिचं म्हणणं. तिचा एक तपासनीस चाळीत चौकशी करत फिरला. भाऊंच्या दाराशी गेला. "कोणी पाठवलं?" "विमा कंपनीनं," तो बिचारा म्हणाला. इतक्या वर्षांत इतकं सरळ उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि तो गेल्यावर पेला दोनदा विसळला.

भरपाई हवीच होती. पायात सळी घालताना हॉस्पिटलनं भाऊंची निवृत्तीची सगळी पुंजी गिळली होती, आणि ती सळी काढायला आणखी एक ऑपरेशन बाकी होतं. दाव्याचे पैसे मिळाले नाहीत, तर भाऊ जन्मभर काठीवर राहणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. भाऊंनी दुसऱ्या डॉक्टरला विचारलं. त्यानंही तेच सांगितलं. "दोघं एकमेकांना ओळखतात," भाऊ म्हणाले, पण वकील केला.

आता सुमनवहिनींबद्दल सांगायला हवं. समोरच्या खोलीत राहतात त्या भाऊंच्या धाकट्या भावाच्या, अनंताच्या पत्नी. दोन्ही खोल्या भाऊंच्या वडिलांच्या नावावरच्या. अनंता अकाली गेला. तेराव्याच्या दिवशी, पानं वाढलेली असताना, भाऊंनी भरल्या घरात विचारलं, "सुमन, खोलीचे कागद शेवटी कुणाच्या सहीचे आहेत?" वहिनींनी वाढायची पळी खाली ठेवली. त्या दिवसापासून अकरा वर्षं त्या भाऊंशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मधे चार पावलांची गॅलरी, पण नजर गेली तर भिंतीवर.

भाऊ प्लास्टर घालून घरी आले, त्याच दुपारी उंबऱ्यावर झाकलेलं ताट ठेवलेलं दिसलं. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. भाऊंनी मला हाक मारली.

"सुऱ्या, खा."

"अहो, तुमच्यासाठी आहे ते."

"म्हणूनच तू आधी खा."

मी खाल्लं. अर्धा तास त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, मग उरलेलं स्वतः जेवले. तीन महिने रोज हेच. भाऊंच्या फ्रॅक्चरनं माझं वजन चार किलो वाढलं. बायकोनं संशय घेतला, तो वेगळा.

ताटावरच थांबलं असतं तर ठीक. पण वहिनी सकाळी आत यायच्या. शौचाचं भांडं साफ करायच्या, चादर बदलायच्या, ओल्या फडक्यानं त्यांची पाठ पुसायच्या. अवाक्षर नाही. भाऊ त्या वेळी झोपेचं सोंग घ्यायचे. सोंगसुद्धा किती कच्चं! एक डोळा किलकिला, आणि तो पलंगाखालच्या ट्रंकेवर, कारण कागद तिच्यात. "माझं नाही काही," मला म्हणायचे, "खोलीसाठी चाललंय हे. चाळ पाडून टॉवर होणार ना."

वकिलांनी विचारलं, "तीन महिने तुमचं कोण करत होतं? त्याचेही पैसे मागता येतात. घरच्यांनी केलं असेल तर तसं लिहू."

भाऊंनी समोरच्या दाराकडे पाहिलं. "कोणी नाही."

मी तोंड उघडलं, तर भाऊंनी काठी माझ्या पायावर ठेवली. नंतर जिन्यात म्हणाले, "कोर्टाच्या कागदावर तिचं नाव गेलं, की झाला पुरावा! उद्या म्हणेल, म्हाताऱ्याची सेवा केली, आता खोली द्या."

मग वकिलांच्या कारकुनानं कुठल्याशा ब्युरोचं बिल आणलं. 'कुसुम, मदतनीस, नव्वद दिवस.' शिक्का, सही, सगळं झकास. भाऊंनी ते उजेडात धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं. बिल इतकं खरं दिसत होतं की त्यांना संशय आला. तरी घडी घालून वकिलांच्या हातात दिलं. ते एक बिल त्यांनी वहीत नोंदवलं नाही, हे मी पाहिलं.

उलटतपासणीची तारीख आली. मी आणि भाऊ टॅक्सीनं कोर्टात गेलो. खोलीत शिरतो तर मागच्या बाकावर सुमनवहिनी बसलेल्या! बसनं, एकट्या आल्या होत्या. मांडीवर पिशवी, नजर भिंतीवर. भाऊंचा चेहरा उतरला.

"फोडली," ते माझ्या कानात म्हणाले. "कंपनीनं फोडली हिला. माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला आणलीय."

"अहो भाऊ, तसं काही नसेल."

"मग कोणी पाठवलं?"

भाऊंना पिंजऱ्यात उभं केलं. कंपनीचा वकील तरुण, गोडबोल्या. त्यानं आधी नंबरची गोष्ट काढली. भाऊ छातीठोक बोलले, मागच्या सात वर्षांच्या वह्या दाखवल्या. न्यायाधीश मॅडमनी चाळून पाहिल्या आणि तोंडावर रुमाल धरला. ती लढाई आपण जिंकली, हे मला कळलं.

मग त्यानं बिल काढलं.

"ही कुसुम कोण?"

"मदतनीस."

"दिसायला कशी होती? उंच? ठेंगणी?"

ज्या माणसानं पोस्टमनच्या मिशीतले बदल टिपले, त्याला नव्वद दिवस घरात वावरलेली बाई सांगता येईना.

"आमच्या माणसानं चाळीत चौकशी केलीय," वकील मॅडमकडे वळला. "अशी कुणी बाई तिथे आलेलीच नाही. उघड आहे. तीन महिने यांच्याकडे कुणीही फिरकलं नाही. सगळं स्वतःचं स्वतः करत होते. म्हणजे पाय म्हणतात तितका मोडलाच नव्हता."

आमचे वकील उठू लागले, पण भाऊंनी काठी आपटली.

"कुणी फिरकलं नाही? कोण म्हणतं? रोज येत होती! ती बघा, मागे बसलीय. माझ्या धाकट्या भावाची बायको. माझी घाण काढली तिनं, मॅडम, आईनं काढावी तशी. आणि मी काय केलं? ट्रंकेचं कुलूप मुद्दाम उघडं ठेवलं, कडीत काळा दोरा अडकवून. बघू म्हटलं, हात लावते का. नव्वद दिवस रोज बघितला तो दोरा. एकदा हलला नाही. एकदा नाही! कुसुम-बिसुम कुणी नाही, मॅडम, ते बिल खो..."

तेवढ्यात मागच्या बाकावरची पिशवी खाली पडली. अकरा वर्षं मिटलेलं तोंड उघडलं, आणि भर कोर्टात, मॅडमच्या समोर, सुमनवहिनी ओरडल्या:

"भावोजी, गप रवा! पैसे जातले!"