सुधाकाकूंच्या घरी वरण होत नाही

नेपियर टाउनमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, कपड्यांच्या दोरीला, पास्ता वाळत असायचा. तो वरच्या मजल्यावरच्या सुधाकाकूंचा. त्या मैद्याच्या लांब पट्ट्या घरी लाटायच्या, दोरीवर टाकायच्या आणि काठी घेऊन माकडांवर नजर ठेवत बसायच्या. कुणाचा ओला टॉवेल पास्त्याजवळ आला, तर टॉवेल खाली जायचा.

मी खालच्या मजल्यावर राहते, कोचिंगमध्ये गणित शिकवते. एकटी असल्यामुळे काकूंची वाटी आधी माझ्याकडे यायची. कुंडीतली तुळस खुडून केलेली थाई करी, काबुली चण्याचं हमस, जुन्या कुकरमध्ये भाजलेला लझानिया. चव खरोखर उत्तम. त्रास चवीचा नव्हता, परीक्षेचा होता.

"सांग ना, काय कमी आहे? काहून गप्प बसली?"

छान झालंय म्हटलं की म्हणायच्या, "इटलीला गेली होती का तू? मग तुला काय समजते?" मीठ थोडं कमी आहे म्हटलं तरी तेच, "इटलीला गेली होती का?" दूधवाल्या भैयानं हमस चाखून "दीदी, खाना है कि लगाना है?" असं विचारलं, तेव्हा काकूंनी दूधवाला बदलला.

काका संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले, गरीब स्वभावाचे. समोर येईल ते कैरीच्या लोणच्याबरोबर खायचे. त्या घरात साधं वरण मी कधी शिजलेलं पाहिलं नाही. एका दुपारी, मोमोच्या पाऱ्या लाटताना, मी काकूंना कारण विचारलं.

"लग्न होऊन आले, रोज वरण करायची," त्या म्हणाल्या. "हे पहिला घास घेत आणि म्हणत, आईच्या हाताचं नाही. रागानं नाही हं, अगदी गोडीनं. रागावले असते तर मी भांडले असते. सासूबाई गेल्या, तरी तेच. मग एक दिवस टीव्हीवर बघून नूडल्स केल्या. ह्यांनी घास घेतला, तोंड उघडलं आणि तसेच बसून राहिले. त्यांच्या आईनं नूडल्स कधी केल्याच नव्हत्या ना."

त्या हसल्या. लाटणं मात्र जरा जोरात फिरलं.

पुढे काका विसरायला लागले. आधी चष्मा, मग गल्ली, मग माणसं. शेवटी जेवण. काकूंनी सूप केलं, मऊ पास्ता केला. ते तोंड फिरवायचे, भरवलेला घास थुंकायचे. अंगावरचा शर्ट दुसऱ्याचा वाटावा इतके वाळले. डॉक्टर म्हणाले, जे खातील ते द्या. काकू खाली येऊन माझ्यावरच चिडल्या, "जे खातील ते म्हणजे काय? मी काय दगड शिजवून राहिली का?"

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी वर गेले, तर जिन्यातच हिंगाचा आणि तुपाचा वास आला. काकूंनी वरण केलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू काही बोलू नको."

त्यांनी मऊ भात कालवला आणि काकांना भरवला. काकांनी घास तोंडात धरला. मग गिळला. दुसऱ्या घासासाठी त्यांनी आपणहून तोंड उघडलं. तिसऱ्या घासानंतर काकूंकडे बघून ओळखीचं हसले. गेल्या कित्येक महिन्यांत ते तसे हसले नव्हते.

"आई," ते म्हणाले, "आज वरण मस्त झालंय."

काकूंचा हात ताटातच थांबला. मला वाटलं, आता त्या उठून आत जातील. त्यांनी पदरानं काकांची हनुवटी पुसली, भातावर आणखी तूप घातलं. जन्मभर त्यांना 'अहो' म्हणत आलेल्या काकू हळूच म्हणाल्या,

"सावकाश खा रे. अजून आहे."