साखर खाल्लेली निवड समिती

माणसाने आजारी पडावं ही निसर्गाची व्यवस्था आहे. तो आजारी पडल्यावर त्याच्या उशाशी कोणी उभं राहावं, ही मात्र समितीने ठरवायची बाब आहे. ज्या समाजात या दोन गोष्टींची गल्लत होते, तिथे जी बाई जवळ असेल तीच धावून जाते आणि शिस्त म्हणून काही राहत नाही.

अशी बेशिस्त माजू नये म्हणून ठाण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाने परिचारिका प्रशिक्षण शाळा काढली होती. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण माझं वय झालं आहे आणि मला तिथे पुन्हा दाखल व्हावं लागेल. अठ्ठ्याऐंशी साली मी या शाळेच्या निवड समितीवर ‘प्रतिष्ठित नागरिक’ म्हणून होतो. राहायला डोंबिवलीत, नोकरीला मानपाड्याच्या कारखान्यात हेडक्लार्क. प्रतिष्ठा एवढ्याचसाठी, की मी आईच्या स्मरणार्थ रुग्णालयाला छताचा पंखा दिला होता. (आईचं नाव पात्यांवर रंगवलेलं आहे. ते पंखा बंद असतानाच वाचता येतं, त्यामुळे वीज गेली की सगळा वॉर्ड आईची आठवण काढतो.)

जागा वीस होत्या आणि अर्ज सहाशेच्या वर. राहणं-जेवण फुकट, वर विद्यावेतन, पुढे नोकरी, आणि नशीब काढलं तर आखात. अर्ज करणाऱ्या मुली कोलशेतच्या, दिव्याच्या, कल्याणच्या चाळींतल्या. आमच्या ओळखीच्या घरांतली एकही नव्हती. आमच्या ओळखीच्या घरांत या पेशाला इतका मान आहे, की तो दुसऱ्यांच्या मुलींसाठी राखून ठेवलेला असतो.

अर्जासोबत जोडायच्या कागदांची यादी मी स्वतः टाइप केली होती. तिच्यात दोन कलमं माझ्या अभिमानाची. पहिलं, उमेदवाराला ओळखणाऱ्या पण तिच्या नात्यात नसलेल्या दोन व्यक्तींचं वर्तणुकीचं प्रमाणपत्र. दुसरं, अविवाहित असल्याचा दाखला. कोलशेतच्या सरोज पंढरी भोईर या मुलीचे या दोन कलमांत चार महिने गेले. तिच्या गावात तिला ओळखणारा प्रत्येक माणूस तिचा मामा, काका किंवा आत्याचा दीर निघाला. नात्यात नसलेले दोघे शेवटी सापडले, ते दोघे तिला ओळखत नव्हते. अविवाहित असल्याच्या दाखल्यासाठी तलाठ्याने, तिच्या लग्नाला हजर नव्हते असे दोन साक्षीदार मागितले. हे मात्र मुबलक मिळाले.

सरोजला घाई होती. बारावीला तिला चांगले मार्क होते, पण बाप पंढरी रंगाच्या कंपनीत कामाला, घरात आणखी दोन मुली, आणि दिव्याच्या एका घरातून तिला मागणी आलेली. मुलगा विटांच्या धंद्यातला, चांगला होता असं सगळे म्हणत. (सरोजला कोणी विचारलं नव्हतं.) पंढरीने तिला मुदत दिली होती: ‘यंदा नर्सिंगला लागलीस तर लागलीस, नायतर दिवाळी झाली की हळद.’ म्हणजे आमच्या टेबलापाशी येताना त्या मुलीचं सगळं आयुष्य तिच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत होतं. आमच्या टेबलावर त्या वेळी बटाटेवडे होते.

समितीची रचना भक्कम होती. अध्यक्ष बाबुराव, लाकडाच्या वखारीचे मालक आणि रुग्णालयाचे विश्वस्त. डॉक्टर प्रभाकर गुप्ते. मेट्रनबाई. आणि मी. मेट्रनबाई सोडल्या तर परिचारिका कशी निवडावी हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि मेट्रनबाईंना मत नव्हतं. त्या फक्त हजर असत. तरी आम्ही अनुभवी होतो. बाबुरावांनी तीन सुना पसंत केल्या होत्या. डॉक्टरांनी धाकट्या भावासाठी अकरा मुली पाहून बारावी न बघताच नाकारली होती. मी स्वतः कांदेपोहे खाण्यात दोन हिवाळे काढले आहेत. मुलगी कशी बघतात हे आम्हाला माहीत होतं, आणि आम्ही तसंच बघितलं.

नाव, गाव, भावंडं किती. जरा चालून दाखव. चष्मा आहे का? या चार ओळी वाच. स्वयंपाक येतो का? (परिचारिकेने स्वयंपाक करायचा नसतो, पण प्रश्नाची सवय असते.) घरातल्या वडीलधाऱ्यांशी उलट बोलतेस का? तीन वर्षं लग्न करणार नाहीस ना? हा शेवटचा प्रश्न सोडला तर प्रत्येक मुलीला वाटे, आपण हे सगळं याआधी कुठेतरी दिलेलं आहे.

आमच्या पत्रात ‘पालकांसह उपस्थित राहावे’ असं होतं. आता कोलशेतला पालक म्हणजे एक माणूस नसतो. ज्याने ज्याने मुलीला लहानपणी भरवलं तो पालक. त्या हिशेबाने सरोजसोबत एक टेम्पो भरून पालक आले. पुढे आजी आवडाबाई, काष्ट्याचं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिने व्हरांड्यातून खिडकीतून आत पाहिलं. टेबलापाशी चार शहाणी माणसं, समोर खाली मान घालून उभी असलेली नात, चालून दाखव म्हणतायत, खाणंही ठेवलंय. कार्यक्रम कसला आहे हे तिला कोणी समजावून सांगण्याची गरज राहिली नाही.

प्रत्येक मुलाखत संपवताना बाबुराव ‘छान, छान’ म्हणत. त्याचा अर्थ ‘आता जा’ असा होता. सरोजला ते ‘छान’ म्हणाले आणि आवडाबाई आत आली.

“पोर पसंत हाय नं?” तिने विचारलं.

म्हातारीचं मन मोडू नये म्हणून बाबुराव म्हणाले, “हो, हो. मुलगी चांगली आहे.”

“मंग त्वांड गोड करा.”

तिने कनवटीची पुडी सोडली आणि चिमूटचिमूट साखर आमच्या हातांवर ठेवली. आम्हाला वाटलं कुठल्यातरी देवाचा प्रसाद असेल. बाबुरावांनी खाल्ली, मेट्रनबाईंनी खाल्ली, मी खाल्ली आणि हात पँटला पुसला. डॉक्टर गुप्ते तेवढे म्हणाले, “मला मधुमेह आहे.” (डॉक्टरांना मधुमेह नव्हता. रुग्णालयाच्या प्रत्येक उद्घाटनाला ते जिलबीच्या ताटाशेजारी उभे असत. पण शिकलेल्या माणसाला कुठे आजारी पडावं हे कळतं.) सरोज मात्र घाबरून म्हणाली, “आजी, अगं तसं नसतं इथं!” तिला कोणी विचारात घेतलं नाही, कारण मुलीने अशा वेळी लाजायचं असतं.

कोलशेतच्या कायद्यात साखर खाणं म्हणजे शब्द देणं. मुलीला बघायला आलेल्यांनी साखर खाल्ली की मुलगी त्यांची झाली. पुढे कोणी फिरलं तर पंच बसतात. त्याच संध्याकाळी पंढरीने दिव्याला निरोप धाडला, पोर दुसरीकडे दिली, राग मानू नका. दिव्याच्या लोकांनी राग मानला नाही. महिन्याभरात त्यांनी दुसरी मुलगी केली.

त्यानंतर आमची यादी लागली. ती पूर्णपणे गुणवत्तेवर होती. ज्या चिठ्ठीवर सही मोठ्या माणसाची, तिची गुणवत्ता जास्त. विश्वस्तांच्या ड्रायव्हरच्या मुली, नगरसेवकांच्या कामवाल्यांच्या भाच्या, आणि एक मुलगी जिच्यासाठी तीन वेगवेगळ्या पक्षांनी एकाच मजकुराचं पत्र दिलं होतं. सरोज भोईरचं नाव विसांत नव्हतं. प्रतीक्षा यादीतही नव्हतं. तिला शाळाही नव्हती आणि दिव्याचं सासरही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो पुन्हा आला. कोणी आरडाओरडा केला नाही. सगळे ओपीडीच्या बाकांवर बसले. ओपीडीत जो बसेल त्याला केसपेपर काढावा लागतो असा नियम असल्याने खिडकीवरच्या कारकुनाने सगळ्यांचे केसपेपर काढले. तक्रार काय, असं विचारल्यावर आवडाबाईने सांगितलं, “सबूद मोरला.” कारकुनाने ‘शब्द मोडला’ असं व्यवस्थित लिहून घेतलं आणि मोडल्याच्या तक्रारी जिथे जातात तिथे, म्हणजे हाडांच्या विभागात, त्यांना पाठवलं. तिथून ते आमच्याकडे आले.

“तुमी साकर खाल्लाव,” आवडाबाई बाबुरावांना म्हणाली. “मी माझे हातानी दिली. आता मांगं फिरताव? आमचेकडं लहान पोर बी आसा करत नाय.”

बाबुराव म्हणाले, “आजी, ही शाळा आहे. इथे नियम असतात.”

“मंग पसंत कशाला बोललाव?”

यावर नियम नव्हता.

तेवढ्यात सरोज पुढे आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज ठाम होता. “सर, आजीला साखरेचं कळतं, मला यादीचं कळतं. मला साखरेचं काही नकोय. फक्त एवढं सांगा, माझे मार्क कोणापेक्षा कमी पडले?”

हा प्रश्न अनुचित होता. तिचे मार्क वीसपैकी अठराजणींपेक्षा जास्त होते, पण ती तांत्रिक बाब झाली. समितीने शांतपणे विचार केला. मार्कांच्या प्रश्नाला उत्तर दिलं तर अठरा चिठ्ठ्यांचा प्रश्न उभा राहतो. साखरेच्या प्रश्नाला उत्तर दिलं तर फक्त एक खाट वाढवावी लागते. बाबुरावांनी जाहीर केलं, की समिती दिलेल्या शब्दाला जागणारी आहे. ‘विशेष बाब’ म्हणून एकविसावी जागा निर्माण झाली. ठरावावर साखर खाल्लेल्यांच्या सह्या झाल्या. डॉक्टर गुप्त्यांनी सही केली नाही. ते म्हणाले, मी खाल्ली नव्हती.

सरोजला जागा मिळाली, पण ती आनंदली नाही. “म्हणजे मार्कांचं काहीच नाही ना?” एवढंच म्हणाली आणि प्रवेशाचा फॉर्म भरायला गेली. हल्लीच्या मुलींना कृतज्ञता कमी, असं मी त्या वेळी बाबुरावांना बोललोही.

पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत मी एक कलम वाढवलं: ‘मुलाखतीस येताना साखर, गूळ, पेढे अथवा तत्सम गोड पदार्थ आणू नयेत.’ त्यामुळे ज्यांना ही सोय माहीत नव्हती त्यांनाही कळली. त्या वर्षी पाचशे उमेदवारांनी पुड्या आणल्या आणि डॉक्टर गुप्त्यांचा मधुमेह सबंध समितीत पसरला.

त्र्याण्णव साली माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, त्याच रुग्णालयात, आईच्या पंख्याखाली. वॉर्डच्या सिस्टर होत्या सरोज भोईर. तिने मला ओळखलं. पहिले दोन दिवस माझी अवस्था अशी होती, की पाणी पाजायला, कूस वळवायला आणि जे सांगता येत नाही त्यालाही तीच. एकदा मला उलट्या लागल्या, तेव्हा तिने जेवणाचा डबा अर्धा टाकून माझं डोकं धरलं. माझा ऊर भरून आला. खोटं कशाला बोलू, खरंच भरून आला. मी म्हटलं, “बाळ, अगदी पोटच्या मुलीसारखं केलंस.”

“सगळे मुलीसारखीच म्हणतात, काका,” ती चादर खोचत म्हणाली. “सुनेसारखी अजून कोणी म्हटलं नाय.”

मी हसलो. ऑपरेशनच्या जागी दुखलं.

त्याच दुपारी आवडाबाई नातीला कालवणाचा डबा द्यायला आली. माझ्या खाटेपाशी थांबली. मला तिने बरोबर ओळखलं; साखर खाल्लेला माणूस ती विसरत नसावी. माझ्या उशाशी आमचे चिरंजीव उभे होते. वय सत्तावीस, नोकरी कायमची, स्वतःचा ब्लॉक. त्याच्यासाठी आम्ही दीड वर्ष मुली पाहत होतो. म्हातारीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“पोरगा तुमचा? लगीन जालं?”

“नाही अजून,” आमचे चिरंजीव म्हणाले. (त्याला व्यवहार कळत नाही.)

तिने कनवटीला हात घातला आणि पुडी सोडली. सरोज ओरडली, “आजी! ठेव ती पुडी. मला कुणाचं काय नको.” पण म्हातारीचा हात माझ्यापुढे आला होता. माझी बायको खुर्चीतून अर्धी उठली. मला जात वगैरे काही आठवलं नाही. तिथपर्यंत पोचायला वेळच नव्हता. रात्रपाळी आठवली. परक्या पुरुषांची अंगं पुसणारे हात आठवले. ते हात सकाळी माझंच अंग पुसून गेले होते, हे खरं आहे. पण मी तेव्हा पेशंट होतो.

“आजी,” मी म्हणालो, “मला मधुमेह आहे.”

सरोजने माझ्याकडे पाहिलं. “काका, सकाळी मीच रक्त घेतलंय तुमचं. साखर एकदम बरोबर आहे.”

मी डोळे मिटून घेतले. पेशंटला ती मुभा असते. खाटेच्या पायथ्याशी लटकवलेला कागद तिने उचलला आणि पेशंटच्या सांगण्यावरून लिहिलं: गोड वर्ज्य. संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा आला. दुसऱ्या दिवशीचाही. डिस्चार्ज मिळेपर्यंत मी तो निमूटपणे प्यायलो, कारण एकदा दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस आहे मी. ती शेवटच्या दिवसापर्यंत माझ्याशी तितक्याच मायेने वागली. हे मला जरा जास्तच वाटलं.

आता वाचकहो, तुम्ही मघापासून हसताय. हसा. तुमच्याही घरात कोणीतरी लग्नाचं असेल. तुम्हीही कधी खाटेवर पडला असाल, कोणाला तरी मुलीसारखी म्हणाला असाल, आणि मनापासून म्हणाला असाल. समजा आवडाबाई तुमच्या खाटेपाशी उभी आहे आणि तिने पुडी सोडली आहे.

तुम्हाला मधुमेह कधीपासून आहे?