ठवकरकाकांची चहाची जेली

सगळं जग चहा पितं. आमचे ठवकरकाका तो खायला निघाले होते. चमच्यानं. जमल्यास सुरीनं वड्या पाडून.

काका बालाघाटात आमच्या शेजारी एकटेच राहत. गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून बिरसा, लांजी, लालबर्रा अशा गावांतून फिरता फिरता लग्न करायचं राहून गेलं; रिटायर मात्र अगदी वेळेवर झाले. कुठल्याशा मासिकात त्यांनी चहाच्या जेलीची कृती वाचली. कोरा चहा, साखर, जेलॅटिन, फळांच्या फोडी, आणि सगळं थंड करायचं. बाकी सामान त्यांच्याकडे होतं, फ्रिज आमच्याकडे. लग्नात मिळालेला, आळीतला पहिलाच. त्यामुळे दर रविवारी दुपारी काका पातेलं घेऊन दारात हजर. पातेल्यावर औषधाच्या बाटलीसारखी चिठ्ठी डकवलेली : 'हलवू नये.'

"काका, हे जेलॅटिन कशाचं असते?" माझ्या बायकोनं, सुनंदानं, पहिल्याच दिवशी संशयानं विचारलं.

"हाडांचं. पण ज्याचे हाडं हायेत ते जनावर जन्मभर चाराच खात होतं, बाई!"

सुनंदा स्वतः मटण खाणारी. तिनं फ्रिज उघडला.

फळ म्हणून काका अंगणातली अर्धीकच्ची पपई घालत. चार वाजता सगळी आळी वाट्या घेऊन आमच्या ओसरीवर जमे. पाच वाजता काका पातेलं तिरकं करून बघत, आणि आतला चहा काठाकडे धावे.

"येऊन राह्यली, येऊन राह्यली! बाळंतपणात घाई करून चालते काय?"

मग बिरसाच्या म्हशीची गोष्ट निघे. ही म्हैस इंजेक्शन बघून तळ्यात शिरली आणि डॉक्टरसाहेबांनाही सोबत घेऊन गेली. सहाला पुन्हा पातेलं, पुन्हा चहा, मग लांजीचा बैल. मध्येच लाइट जाई. काका लाइटवाल्यांचा उद्धार करत आणि आम्ही आणखी एक गोष्ट मागून घेत असू. सात वाजता तोच गार गोड चहा वाटीनं पिऊन, पपई चघळत सगळे हसत घरी जात. अशी ती जेली आम्ही वर्षभर प्यायलो.

सुनंदा होम सायन्स शिकलेली. हा पराभव तिला आपल्या फ्रिजचा वाटू लागला. एका रविवारी ती म्हणाली, "काका, आज चहा तुमचा, पपई मी चिरून देते." आणि फोडी तिनं गुपचूप उकळून घेतल्या.

चार वाजता काकांनी पातेलं तिरकं केलं. चहा जागचा हलला नाही.

काय टाळ्या पडल्या! काकांनी सुरी मागवली, वड्या पाडल्या. तपकिरी, थरथरत्या, आत केशरी पपई. लागलीही झकास. पण दहा मिनिटांत पातेलं रिकामं झालं. "वा काका, जमली बरं!" म्हणत कुणी बाजारात गेलं, कुणी टीव्हीवरचा सिनेमा गाठला. सव्वाचारला ओसरीवर उष्ट्या वाट्या आणि काका उरले. म्हैस अजून तळ्यापर्यंतसुद्धा पोचली नव्हती.

सुनंदाला राहवलं नाही. "काका, गंमत सांगू? कच्ची पपई जेलीले घट्ट होऊच देत नाही. मी आज उकळून घेतली!"

"मले मालूम हाये, बाई."

"आँ?"

"मटण गळून मऊ व्हावं म्हणून त्यात कच्ची पपई टाकतेत, ते काय मले ठाऊक नाही? दुसऱ्याच रविवारी समजलं होतं." काका रिकाम्या पातेल्यात चमचा फिरवत राहिले.

"मग काहून टाकत होते?"

"जेली झाली का लोकं उठून जातेत," काका म्हणाले. आणि कंपाउंडरनं चुकीचं औषध दिल्यासारखे ओशाळून हसले.

वर्षभर आम्ही त्यांच्या फजितीला हसत होतो, आणि ते दर रविवारी मोठ्या मेहनतीनं आमचे तीन तास मिळवत होते.

सुनंदानं पातेलं त्यांच्या हातातून घेतलं. "काका, आज जेवूनच जा. पण अजून कणीकसुद्धा भिजवली नाही हं, खूप वेळ लागंन."

"लागू दे, लागू दे," काका घाईघाईनं म्हणाले, आणि चपला काढून भिंतीला टेकून बसले.