यायला किती लागतं?

आमचे शेजारी शेळके अण्णा यांनी मुलीसाठी आलेलं सिंगापूरचं स्थळ पंचवीस मिनिटांवरून मोडलं. मुलगा चांगला, घराणं चांगलं, पत्रिकाही जुळलेली. पण मुंबईहून सिंगापूरला जायला पाच तास वीस मिनिटं आणि यायला पावणेसहा. "अंतर सारखंच असतंय, देशपांडे साहेब. वेळ सारखा नसतो!"

अण्णा मूळचे गंगापूरचे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कधी सुटली, कधी पोचली, हे लिहिण्यातच सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले, पण नोंदी थांबल्या नाहीत. माझी बायको शहागंजहून भाजी घेऊन आली की फाटकातच विचारतात, "वहिनी, किती मिनिटं?" मीही आकड्यांचा माणूस. हर्सूलचा तलाव आमच्या गल्लीपासून नेमका किती लांब, यावरून आम्ही दोघं आठवडाभर बोलत नव्हतो.

मग दुबईचं स्थळ आलं. मुलगी बघायच्या कार्यक्रमाला, बेरजा तपासायला म्हणून, अण्णांनी मलाही बसवलं. इतर बाप मुलाचा पगार विचारतात, फ्लॅट विचारतात. अण्णांनी वही उघडली.

"मुंबई ते दुबई अंतर?"

"असेल की बरंच," मुलाचे वडील म्हणाले.

"एक हजार नऊशे तीस किलोमीटर. बरं, जायला किती, यायला किती?"

मुलाच्या वडिलांनी ऐटीत खिशातून तिकीट काढलं. "दहाला निघतं, पावणेबाराला पोचतं. जायला पावणेदोन तास. यायला मात्र चार तास वीस मिनिटं."

अण्णांनी वही मिटली. "पाव्हणं, दुबईचं घड्याळ दीड तास मागं हाय. घड्याळ मागं केलं म्हणून विमान लवकर पोचत नसतंय. ज्या घरात वेळ मोजता येत नाय, तिथं पोरगी कशी द्यायची?"

पोह्यांच्या बशा हातात तशाच राहिल्या. दारातून अण्णांची मुलगी वर्षा म्हणाली, "अण्णा, लग्न मला नवऱ्याशी करायचंय, विमानाशी नाही!"

मुलगा खाकरला. "काका, बाबांनी तो दीड तास धरलाच नाही. जायला सव्वातीन. यायला दोन पन्नास. येताना वारा पाठीमागून असतो."

अण्णांनी वही पुन्हा उघडली, 'दोन पन्नास' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. "पसंत!" वर्षा हसत आत गेली, तिचं बहुधा वाऱ्याच्या आधीच ठरलं होतं.

पाहुणे गेल्यावर वही माझ्याकडे आली. दुबईच्या घरातून टॅक्सी, विमानतळावर तीन तास, विमान, मुंबईत थांबणं, तिथून आपल्या शहरापर्यंतचं विमान, शेवटी फाटकापर्यंत रिक्षा. एकूण अकरा तास पस्तीस मिनिटं. बेरीज बरोबर होती.

"अण्णा, जायचे सव्वातीन तास कुठे लिहिलेत?"

"ते कशाला?" अण्णा पेनाचं टोपण लावत म्हणाले. "आमची आक्का दिली व्हती नव्वद किलोमीटरवर. जायला थेट गाडी. यायला दोनदा बदलायची, अन् दुसरी हमखास चुकायची. आई गेली तव्हा आक्का स्टँडवरच बसून व्हती."

टोपण केव्हाच लागलं होतं. तरी ते दाबतच राहिले.

"बेरीज परत एकदा बघता का, साहेब?"

मी परत एकदा बघितली.