तात्यांचा ढेकर

सर्वपित्रीला देवळापुढच्या रांगेत ताटकळायचं आणि आपली पाळी येईपर्यंत गाय तोंड फिरवून बसलेली असायची, हे शांती नगरातल्या त्या सोसायटीचं दर वर्षीचं दुखणं होतं. म्हणून सेक्रेटरी शशिकांत परुळेकरांनी यंदा गायच सोसायटीत आणली. देवळापाशी गाय घेऊन बसणाऱ्या जाईबाईंना गाठलं, त्यांची चंद्री सकाळीच पार्किंगमधल्या खांबाला बांधली आणि ग्रुपवर टाकलं, "गाय खाली आहे. सर्वांनी सवडीने गोग्रास द्यावा." ग्रुपवर नुसता हात जोडणाऱ्यांचा पाऊस पडला. शशिकांतला निवडून आल्यासारखं वाटलं.

घरी मात्र चित्र वेगळं होतं. शशिकांतचे वडील, तात्या, गेल्या वर्षी गेले होते. गच्चीवर त्यांचं पान ठेवलं, पण कावळा फिरकेना. एरवी एसीच्या पेटीवर बसून डोकं उठवणारे कावळे आज जणू भाईंदर सोडून गेले होते.

"तात्यांचं काहीतरी राहिलंय," त्याची बायको मनोरमा म्हणाली.

"उगाच भरदिवसा घाबरवू नकोस गं!"

जेवणं आटोपली तेव्हा आभाळ इतकं दाटून आलं होतं की दिवे लावावे लागले. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. आणि तात्यांच्या बंद खोलीतून ढेकर आला. साधासुधा नव्हे. आधी खोल, मग मध्येच थबकून श्वास घेतलेला, मग पायरी पायरीने वर चढत गेलेला. असा ढेकर अख्ख्या मिरा-भाईंदरमध्ये एकच माणूस द्यायचा आणि तो आता हार घालून भिंतीवर टांगला होता.

"ऐकलंस?"

"ऐकलं. जा, दार उघडून बघा."

"तू बघ ना."

"वडील कुणाचे?"

शशिकांतने रामरक्षा पुटपुटत दार ढकललं. खोली रिकामी. पलंगावरच्या चादरीला सुरकुती नव्हती. पार्किंगवर उघडणाऱ्या खिडकीचा पडदा मात्र हलल्यासारखा वाटला आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

"पोट भरल्याचा असेल हो," मनोरमा म्हणाली.

"पोट भरलं की तात्या एकच ढेकर द्यायचे. भूक उरली की देत सुटायचे. विसरलीस?"

तेवढ्यात दुसरा ढेकर आला. पहिल्यापेक्षा लांब.

मग काय, शशिकांतने खिरीचं पातेलंच उचललं आणि धावत खाली गेला. गाईच्या मुखाने पितरांना पोचतं, हे त्याला लहानपणापासून पाठ. चंद्रीने खीर चाटूनपुसून संपवली. वर येऊन टेकतो तोच तिसरा ढेकर! वडे नेले. चौथा! भाताचं पातेलं नेलं. खाली आधीच सगळ्या विंगांचे लोक पुऱ्या, भजी, वरणभात घेऊन उभे होते आणि चंद्री कुणालाच नाही म्हणत नव्हती. शशिकांतच्या जिन्यातल्या खेपा चालू होत्या आणि वरचा ढेकर काही थांबत नव्हता.

अखेर थांबला. नवराबायको श्वास रोखून ऐकत राहिले. काही नाही.

"पोचलं गं तात्यांना," शशिकांतने फोटोला हात जोडले. "तृप्त झाले."

इतक्यात इंटरकॉम खणखणला. खाली तळमजल्यावरचे महिपतभाई होते. "सेक्रेटरीसाब, जल्दी नीचे आओ! गाय गुब्बारा हो गई!"

चंद्रीची डावी कूस खरंच ढोलासारखी तटतटली होती. मान ताणलेली, जीभ बाहेर, श्वास फासफूस. जाईबाई कपाळ बडवून घेत होत्या. "सकाली चांगली व्हती माझी चंद्री! आता उठत न्हाय! काय घातलंत तिला?"

सगळ्यांनी शशिकांतकडे पाहिलं. त्याच्या हातात अजून भातवाढी होती. वडिलांच्या पहिल्याच श्राद्धाला आपल्या हातून गाय मरणार, या विचाराने त्याने ती पाठीमागे लपवली.

सी विंगमधली नीलिमा गुरांची डॉक्टर. ती धावत आली, कुशीवर टिचक्या मारून तिने कान लावला आणि भडकली. "काका, हिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात गवत कुजवणारे बारीक जीव असतात. गाय गवत खाते, पचवतात ते. तुम्ही त्यांना खीर-भात घातलात! आत सगळं आंबलं, फेस झाला, ढेकर अडकला. ढेकर अडकला की गाय गुदमरते. आधी सगळ्यांनी खायचा सोडा आणा, गोडं तेल आणा!"

खीर घेऊन आलेले सोडा आणायला पळाले. नीलिमाने चंद्रीच्या घशातून नळी पोटापर्यंत सरकवली, नळीतून तेल आणि सोड्याचं पाणी सोडलं. शशिकांत चंद्रीचं डोकं धरून बसला. "दे गं बाई ढेकर. एकदा दे. तात्या, सोडवा हो हिला!"

बराच वेळ काही होईना. मग नळीतून फुस्स करून वारा सुटला आणि असा आंबूस भपकारा आला की महिपतभाई नाक धरून जिन्यापर्यंत मागे सरले. कूस हळूहळू उतरली. चंद्रीने मान हलवली. शशिकांत लहान मुलासारखा रडला.

"आता नुसतं वाळलं गवत," नीलिमाने बजावलं. "आणि रवंथ करायला लागली की समजा, वाचली."

दिवेलागणीला चंद्री रवंथ करायला लागली. शशिकांतच्या डोक्यात आता लख्ख प्रकाश पडला होता. तात्यांची खिडकी बरोबर चंद्रीच्या डोक्यावर! तो खदखदून हसला. "आणि आम्ही वेडे! दुपारभर हिचेच ढेकर ऐकून घाबरत होतो."

नीलिमा नळी गुंडाळता गुंडाळता थांबली. "हिचे? काका, गाईच्या ढेकराला आवाज नसतो. वारा आधी फुप्फुसात जातो, मग नाकातून हळूच बाहेर. शेजारी बसलात तरी कळायचं नाही."

शशिकांतचं हसू तिथेच विरलं. शेजारी चंद्री डोळे मिटून जबडा हलवत होती. तिच्या घशातून गोळा वर येताना दिसत होता. आवाज मात्र खरंच कसला नव्हता.

जिना चढून तो घरात आला आणि मनोरमाला सगळं सांगितलं. तेवढ्यात आत तात्यांच्या खोलीत ढेकर आला, खोल, थबकलेला, मग वर चढत गेलेला.

मनोरमा उठली. फडताळातून डबी काढली आणि चिमूटभर ओवा वाटीत घेऊन फोटोपुढे ठेवला.

"अहो, जेवणावर रोज द्यायचे मी तात्यांना," ती हळूच म्हणाली. "आज खिरीच्या गडबडीत राहूनच गेला."

दोघं कितीतरी वेळ कान देऊन बसले होते. आतून पुन्हा काही आलं नाही.